मुलांच्या जादुई मालिका शेवटच्या पुस्तकातच का फसतात?

२१ जुलै २००७, शनिवार. हॅरी पॉटरचं सातवं आणि शेवटचं पुस्तक त्या दिवशी जगभर एकाच वेळी विक्रीला आलं. ब्रिटनमध्ये मध्यरात्रीच दुकानं उघडली होती, भारतात सकाळी सकाळी पुस्तकांच्या दुकानांबाहेर रांगा होत्या. ब्रिटन आणि अमेरिका मिळून पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी १० लाख प्रती खपल्या. दहा वर्षं वाट पाहिलेली मुलं (त्यातली बरीचशी तोवर मुलं राहिली नव्हती) दोन-तीन दिवसांत शेवटच्या पानापर्यंत पोहोचली. आणि तिथे त्यांना भेटला एक छोटासा उपसंहार, एकोणीस वर्षांनंतरचा. रेल्वे स्टेशन, नवरा-बायकोच्या जोड्या, शाळेला निघालेली मुलं, कोणाचं नाव कोणावरून ठेवलं याची यादी. त्या काही पानांवरचा वाद आजही संपलेला नाही.

हे फक्त हॅरी पॉटरचं झालं असतं तर एका लेखिकेची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण नार्नियाचं शेवटचं पुस्तक, फिलिप पुलमन यांच्या त्रयीचा शेवट, सुसान कूपर यांच्या पाच पुस्तकांचा शेवट, 'एरागॉन'चं चौथं पुस्तक, अशी कितीतरी नावं निघतात. चांगले लेखक, गाजलेल्या मालिका, आणि तक्रार सगळीकडे सारखीच: शेवट जमला नाही. असं का होतं?

(पुढे या सगळ्या मालिकांचे शेवट उघड होणार आहेत. वाचायच्या राहिल्या असतील तर इथेच थांबा.)

फास्टर फेणेला ही अडचण का नव्हती?

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, प्रत्येक पुस्तकात नव्या भानगडीत सापडतो आणि त्यातून सुटतो. कोणतंही पुस्तक आधी वाचा, काही बिघडत नाही. एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह'चंही तसंच. १९४२ ते १९६३ या काळात त्याची एकवीस पुस्तकं आली. एकविसावं फारसं चांगलं नाही, पण ते वाचून कोणाचं बालपण दुखावलं असं ऐकिवात नाही. ती मालिका म्हणजे मण्यांची माळ आहे. शेवटचा मणी फुटका निघाला तरी बाकीचे शाबूत राहतात.

जादुई मालिकांचं तसं नसतं. तिथे पहिल्याच पुस्तकात कुठलं तरी भाकीत असतं, एखादा मोठा शत्रू असतो, नायकाच्या जन्माचं गूढ असतं. एकच गोष्ट पाच-सात पुस्तकांत पुरवून पुरवून सांगितलेली असते. म्हणजे पहिल्या पुस्तकापासून वाचकाकडून आगाऊ उसनं घेतलेलं असतं आणि ते सगळं फेडायचं असतं शेवटच्या पुस्तकात, व्याजासकट. पण उधारी वाढत जाते तशी ती फेडणं अवघड होत जातं. पहिल्या पुस्तकातलं गूढ मनात दहा वर्षं मुरलं की त्याचं कुठलंही उत्तर त्या गूढापेक्षा लहानच वाटणार.

हे सगळ्या मालिकांना लागू आहे. पण प्रत्येक मालिका फसते ती आपल्या आपल्या पद्धतीने, आणि खरी मजा तिथे आहे.

नार्निया आणि सुसानचा प्रश्न

सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात, दर वर्षी एक या हिशोबाने आली. कपाटातून दुसऱ्या जगात जाणारी चार भावंडं, पीटर, सुसान, एडमंड आणि ल्युसी, ही पहिल्या पुस्तकाची गोष्ट बहुतेकांना सिनेमामुळे माहीत असते. सातवं पुस्तक 'द लास्ट बॅटल'. याला त्या वर्षीचं कार्नेगी पदक मिळालं, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचा ब्रिटनमधला सर्वात मानाचा पुरस्कार. त्यामुळे ते सर्वांनाच वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

सुरुवात तर फारच चांगली आहे. शिफ्ट नावाचा एक धूर्त वानर आणि पझल नावाचं एक भोळं गाढव. त्यांना सिंहाचं कातडं सापडतं. वानर ते गाढवावर चढवतो आणि नार्नियाचा देवासारखा सिंह अ‍ॅस्लान परत आला म्हणून जाहीर करतो. रात्रीच्या अंधारात, शेकोटीच्या उजेडात, लांबून दर्शन. प्रश्न विचारायचे नाहीत, अ‍ॅस्लानचं म्हणणं काय ते वानर सांगेल. खोट्या देवाच्या नावाने सत्ता कशी चालते याचं इतकं सोपं आणि इतकं भेदक चित्र मुलांच्या पुस्तकात क्वचितच सापडतं. आणि फसवणूक उघडी पडल्यावर होतं काय, तर बुटक्यांची टोळी खऱ्या अ‍ॅस्लानवरही विश्वास ठेवायला तयार होत नाही. एकदा फसलो, आता कोणाचंच ऐकणार नाही. ते भर उजेडात बसलेले असतात आणि आपण अंधाऱ्या तबेल्यात आहोत असं धरून चालतात. समोर पक्वान्नं ठेवली तर त्यांना तो गोठ्यातला चारा लागतो. माझ्या मते लुईस यांनी लिहिलेल्या सगळ्यात चांगल्या प्रसंगांपैकी हा एक आहे.

मग घोडं अडतं कुठे? नार्निया संपतो तिथे. तारे गळून पडतात, समुद्र जमिनीवर चढतो, सूर्य विझतो, पीटर दार बंद करून कुलूप लावतो. सात पुस्तकं ज्या जगात राहिलो ते जग संपलं. आणि त्यावर सांगितलं जातं की दुःख करू नका, तो नार्निया ही खऱ्या नार्नियाची फक्त सावली होती. खरा इथे आत आहे, आणखी मोठा, आणखी सुंदर. शेवटच्या पानावर कळतं की मुलं इथे आली कशी: इंग्लंडमध्ये रेल्वेचा अपघात झाला, त्यात ती गेली. आई-वडीलही त्याच अपघातात गेले. आणि लेखकाच्या मते ही आनंदाची बातमी आहे.

लुईस यांच्या श्रद्धेच्या चौकटीत ती खरोखरच आनंदाची बातमी होती. तरुणपणी नास्तिक असलेले लुईस १९३१मध्ये पुन्हा ख्रिस्ती धर्माकडे वळले होते, आणि जगाचा अंत, निवाडा, स्वर्ग हा सगळा क्रम त्यांनी बायबलच्या शेवटच्या पुस्तकावरून घेतला आहे. आधीच्या सहा पुस्तकांतही ही श्रद्धा होतीच. पण तिथे ती गोष्टीच्या पोटात होती. वाचणाऱ्या मुलाला सिंह सिंह म्हणूनच आवडत होता. सातव्यात श्रद्धा पुढे आली आणि गोष्ट तिच्या मागे चालायला लागली.

आणि सुसान. सगळे जुने मित्र खऱ्या नार्नियात जमतात तेव्हा ती तिथे नसते. कारण? तिने नार्नियाचा नाद सोडला, तो लहानपणचा खेळ होता असं ती आता म्हणते, आणि तिला नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची निमंत्रणं याखेरीज कशात रस उरला नाही, असं बाकीच्यांच्या दोन-चार वाक्यांतून कळतं. बस्स, एवढंच. पहिल्या पुस्तकात अ‍ॅस्लानच्या मरणाच्या रात्री ल्युसीबरोबर जागलेली सुसान, धनुष्यबाण चालवणारी राणी सुसान, तिचा निकाल तिच्या गैरहजेरीत लागतो. तिला स्वतः बोलायची संधीही मिळत नाही. त्यातून गोष्टीच्या हिशोबाने पाहिलं तर तिचे दोन भाऊ, बहीण आणि आई-वडील एकाच दिवशी गेलेले आहेत. ही मुलगी इंग्लंडमध्ये एकटी उरली आहे आणि पुस्तकात त्याबद्दल कोणाच्या तोंडी एक शब्द नाही.

फिलिप पुलमन यांनी १९९८मध्ये 'गार्डियन'मध्ये लेख लिहून यावर कडक टीका केली: मोठं होणं, बाई होणं हाच जणू गुन्हा. जे. के. रोलिंग यांनीही २००५च्या एका मुलाखतीत सुसानचं हे जे झालं ते आपल्याला खटकतं असं सांगितलं. नील गेमन यांनी तर २००४मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ सुसान' नावाची कथाच लिहिली.

इथे निराशा म्हणजे फक्त कंटाळवाणं पुस्तक नव्हे. हा शेवट मागे जाऊन आधीची पुस्तकं बदलतो. पहिलं पुस्तक पुन्हा हातात घेतलं की सुसान दिसल्यावर पुढे काय होणार ते आठवतं. शत्रू म्हणून आलेल्या कॅलॉरमेन लोकांचंही तसंच: सावळा रंग, फेटे, वाकड्या तलवारी आणि क्रूर देव. आधीच्या पुस्तकात हे रंगीत अरबी सुरस कथेसारखं वाटून जातं. शेवटच्या पुस्तकात मात्र तेच लोक जगाच्या अंतातली वाईट बाजू म्हणून उभे राहतात तेव्हा आपल्याकडच्या वाचकाला ते जरा जास्तच टोचतं. त्यांच्यातला एमेथ नावाचा एक सज्जन शिपाई अ‍ॅस्लान आत घेतो, हे लुईस यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

टीका करणाऱ्याचंही तेच झालं

पुलमन यांची त्रयी 'हिज डार्क मटेरियल्स'. १९९५, १९९७ आणि २००० साली आलेली तीन पुस्तकं. यात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात, सतत सोबत असतो. मुलांचे हे सोबती रूप बदलत राहतात, वयात आल्यावर एकाच रूपात स्थिरावतात. बालसाहित्यातल्या मोजक्या अस्सल कल्पनांपैकी ही एक. मोठं होणं ही इथे शिक्षा नाही, हे पुलमन यांचं लुईस यांना उत्तर होतं.

तिसऱ्या पुस्तकाला, 'द अँबर स्पायग्लास'ला, २००१चा व्हिटब्रेड पुरस्कारांमधला 'बुक ऑफ द इयर' हा सर्वोच्च मान मिळाला. मुलांच्या पुस्तकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. तरीही पहिल्या पुस्तकाचे चाहते तिसऱ्याबद्दल जी तक्रार करतात ती गंमतीची आहे: लेखक उपदेश करायला लागला. लुईस यांनी देवाच्या बाजूने जे केलं तेच पुलमन यांनी विरुद्ध बाजूने केलं. पात्रं अधूनमधून थांबून विचार मांडतात. स्वर्गाविरुद्धच्या महायुद्धाची तयारी दोन पुस्तकं चालते, आणि ज्याच्याविरुद्ध हे युद्ध तो 'ऑथॉरिटी' निघतो एक जर्जर म्हातारा. मुलं त्याला दयेपोटी काचेच्या पेटीतून बाहेर काढतात आणि तो वाऱ्यावर विरून जातो. तो कोण होता हे त्यांना कळतही नाही. कल्पना म्हणून हे जबरदस्त आहे. पण युद्धाची वाट पाहिलेल्या तेरा वर्षांच्या वाचकाला वाटतं, एवढ्यासाठी?

आणि मग लायरा आणि विल यांची ताटातूट. दोघांची जगं वेगळी. जगांमधल्या खिडक्यांमधून 'डस्ट' गळून चालली आहे म्हणून सगळ्या खिडक्या बंद करायच्या. एकच उघडी ठेवता येईल, पण ती मेलेल्यांना बाहेर पडायला लागणार. शिवाय परक्या जगात माणूस दहा-एक वर्षांपेक्षा जास्त जगत नाही. यातले बरेचसे नियम नेमके शेवटाजवळ स्पष्ट होतात, आणि ते इतके सोयीने होतात की लेखकाने दोघांना वेगळं करायचं आधी ठरवलं आणि नियम मागाहून आणले अशी शंका येते. विलच्या वडिलांचं आजारपण दुसऱ्या पुस्तकात आहे, त्यामुळे सगळंच हवेतून आलं असंही नाही.

तरी मी हा शेवट नार्नियाच्या बराच वर ठेवेन. का, तर इथे निवड मुलं करतात. एक खिडकी आपल्यासाठी ठेवता आली असती हे त्यांना माहीत आहे, आणि ती ते मेलेल्यांना देतात. ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधल्या बाकावर दरवर्षी ठरलेल्या दिवशी दुपारी एक तास, आपापल्या जगात, दोघं बसणार असतात. तो बाक खरोखर तिथे आहे आणि वाचक आजही तिथे जाऊन बसतात.

दार बंद करायचं कसं?

पुलमन यांची खिडक्यांची अडचण या प्रकारच्या सगळ्या पुस्तकांना असते. मूल जादूच्या जगात गेलं. आता शेवटी त्याला परत आणायचं की तिथेच ठेवायचं? परत आणलं तर जादू गेली. ठेवलं तर घर गेलं. दोन्हीत काहीतरी हरवणारच, आणि हे हरवणं वाचकाला पटवून देणं हेच शेवटच्या पुस्तकाचं खरं काम असतं.

सुसान कूपर यांच्या 'द डार्क इज रायझिंग' मालिकेत यावरचा सगळ्यात चीड आणणारा तोडगा आहे. १९६५ ते १९७७ या बारा वर्षांत पाच पुस्तकं आली. चौथ्या 'द ग्रे किंग'ला अमेरिकेचं न्यूबेरी पदक मिळालं. वेल्समधले डोंगर, धुकं, आर्थर राजाच्या दंतकथा, सगळं अंगावर येतं. पाचव्यात अंधाराचा पराभव होतो आणि मग साध्या मुलांच्या मनातून सगळं पुसलं जातं. लहानगा विल हा मुळात अमर मंडळींपैकी असल्याने त्याला आठवत राहतं, पण सायमन, जेन आणि बार्नी ही भावंडं सगळं विसरतात. जेनने 'ग्रीनविच'मध्ये एका रानटी समुद्रशक्तीवर दया दाखवली, त्यानेच सगळं पालटलं, आणि ते तिलाच माहीत राहणार नाही. वाचकाला मात्र माहीत आहे. जेनबरोबर वाढलेल्या वाचकाला हे आपल्याच आठवणी काढून घेतल्यासारखं वाटतं. आणि यात मुलांना कोणी विचारलेलं नसतं.

याच्या शेजारी लॉईड अलेक्झांडर यांचं 'द हाय किंग' ठेवून बघा. १९६८चं पुस्तक, वेल्सच्याच दंतकथांवर बेतलेल्या पाच पुस्तकांच्या मालिकेतलं शेवटचं, आणि यालाही न्यूबेरी पदक मिळालं. इथेही जादू जग सोडून जाते. डुकरं राखणारा टॅरन हा नायक. त्याला जादूवाल्यांबरोबर अशा देशात जायचं निमंत्रण मिळतं जिथे मरण नाही. तो नाही म्हणतो. का, तर बांध फुटलेत, शेतं उजाड झालीत, मेलेल्या मित्रांना दिलेले शब्द पाळायचेत. त्याची आवडती आयलॉन्वी जादू सोडून त्याच्यासाठी मागे राहते. नुकसान तेवढंच आहे, पण पटतं, कारण ते त्याने निवडलेलं आहे आणि ही निवड तो का करेल हे आपल्याला ठाऊक असतं.

हे ठाऊक होतं ते चौथ्या पुस्तकामुळे. त्यात मोठी लढाई नाही. टॅरन आपले आई-बाप कोण याचा शोध घेत गावोगाव हिंडतो, लोहाराकडे, विणकराकडे, कुंभाराकडे काम शिकतो आणि कुंभारकामात आपण कधीच उस्ताद होणार नाही हे कळल्यावर रडकुंडीला येतो. मूळ आखणीत हे पुस्तक नव्हतं. शेवटच्या पुस्तकाआधी काहीतरी कमी पडतंय हे संपादिकेच्या लक्षात आलं आणि तिने सुचवलं म्हणून ते लिहिलं गेलं. शेवटचं पुस्तक सुधारायचा उपाय त्याच्या आधीच्या पुस्तकात होता.

सातव्या पुस्तकाची दुहेरी अडचण

आता पुन्हा हॅरी पॉटर. इथे दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या बहुतेक वेळा एकत्र केल्या जातात.

पहिली यंत्रणेची. सहाव्या पुस्तकाने हॉरक्रक्स शोधण्याचं काम समोर ठेवलं होतं. वाचकाला वाटलं, नकाशा मिळाला. सातव्यात अचानक तीन नव्या वस्तू येतात, ज्यांचं नावही आधी कधी ऐकलेलं नसतं. अदृश्य करणारा झगा पहिल्या पुस्तकापासून होता, पण तो अशा त्रिकुटाचा भाग आहे हे नवं. आणि शेवटची लढत ठरते ती छडीच्या मालकीवरून: ड्रेकोने डंबलडोअरच्या हातून छडी उडवली म्हणून ती ड्रेकोची झाली, हॅरीने ड्रेकोच्या हातून दुसरीच छडी हिसकावली म्हणून पहिली हॅरीची झाली. सात-बाराच्या उताऱ्यावरची फेरफार नोंद वाचतोय असं वाटावं. छडी जादूगाराला निवडते हे पहिल्या पुस्तकात होतं, पण मालकी अशी हस्तांतरित होते हा नियम ऐन वेळी आला, आणि शत्रू त्या नियमावर हरला. त्याआधी हॅरी जंगलात मरायला निघतो ती प्रकरणं मालिकेतली सर्वात उत्तम असतील, म्हणून हे हिशोबाचं भाषण जास्त खुपतं.

दुसरी तक्रार उपसंहाराची, आणि तिचं कारण वेगळं आहे. रोलिंग यांनी शेवटचं प्रकरण खूप आधी लिहून ठेवलं होतं. २००१च्या एका बीबीसी माहितीपटात त्यांनी त्याची फाइलही कॅमेऱ्यासमोर दाखवली होती. तेव्हा लोकांना याचं कौतुक वाटलं: बघा, सगळं किती आधीपासून ठरलेलं आहे! पण आधीपासून ठरलेलं असणं हीच गोम होती. पहिलं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचं होतं, पाचवं ७६६ पानांचं. गोष्ट वाढली, काळोखी झाली, फ्रेड मेला, ल्युपिन आणि टाँक्स तान्हं बाळ मागे ठेवून मेले. शेवट मात्र २२३ पानी पुस्तकाच्या मापाचा शिवलेला होता. बारा वर्षांच्या मुलाला पहिलीतला गणवेश घालावा तसा तो दिसतो. हर्मायनी पुढे काय करते, जॉर्ज भावाशिवाय कसा जगतो, त्या युद्धानंतर जादूगारांचं सरकार बदललं का, यातलं काही नाही. रॉन आणि हर्मायनीची जोडीही आपण साहित्यिक कारणांपेक्षा सुरुवातीच्या कल्पनेला धरून राहिल्यामुळे जुळवली, असं रोलिंग यांनी २०१४च्या एका मुलाखतीत मान्य केलं.

म्हणजे 'लेखकाने शेवट आधी ठरवायला हवा' हा नेहमीचा सल्लाही तितकासा खरा नाही. आणि न ठरवताही भागत नाही: ख्रिस्तोफर पाओलिनी यांची 'एरागॉन' ही त्रयी म्हणून जाहीर झाली, ती वाढून चार पुस्तकांची झाली. २०११च्या शेवटच्या पुस्तकात महाबलाढ्य राजा हरतो तो त्याने दिलेल्या दुःखाची त्यालाच जाणीव करून देणाऱ्या मंत्राने. कल्पना चांगली आहे. पण तलवारबाजीची चार पुस्तकं वाचल्यावर ती पचत नाही.

वाचकाचंही वय वाढतं

लेखकावर सगळं ढकलणंही बरोबर नाही. अकराव्या वर्षी पहिलं पुस्तक वाचणारं मूल शेवटच्या पुस्तकापाशी येतं तेव्हा विशीत असतं. जे पुस्तक त्याला हवं असतं ते अकरा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेलं असून चालणार नाही, आणि अकराव्या वर्षी झाला होता तसा आनंदही त्याने द्यायला हवा. असं पुस्तक लिहिणं जवळजवळ अशक्य आहे.

उर्सुला ले ग्विन यांच्याबाबतीत वाचकापेक्षा लेखिका जास्त बदलली. 'अर्थसी'ची त्रयी १९७२मध्ये पूर्ण झाली होती, सुफळ संपूर्ण. १९९०मध्ये त्यांनी चौथं पुस्तक काढलं, 'तेहानू'. आधीचा महान जादूगार गेड आता शक्ती गमावलेला, खचलेला माणूस आहे, शेळ्या राखतो. मुख्य पात्र आहे टेनार, मध्यमवयीन विधवा, आणि तिने सांभाळलेली एक भाजलेली मुलगी. शौर्याऐवजी भांडी कोणी घासायची हा प्रश्न. जुने वाचक भडकले. ले ग्विन यांचं म्हणणं, जे त्यांनी १९९२मध्ये ऑक्सफर्डच्या एका व्याख्यानात मांडलं, असं की पहिली पुस्तकं लिहिताना पराक्रम म्हणजे पुरुषांचा पराक्रम हे आपण न तपासता धरून चाललो होतो. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. ते खरं ठरलं नाही, २००१मध्ये आणखी दोन आली. आज 'तेहानू'ला मालिकेतलं सर्वोत्तम मानणारे वाचक भरपूर आहेत, आणि त्यातले अनेक ते आधी न आवडलेलेच आहेत.

शेवट वाईट तर सगळंच वाईट?

मानसशास्त्रात याला एक स्पष्टीकरण आहे. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा साठ सेकंद हात गार पाण्यात (१४ अंश) ठेवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तेच साठ सेकंद, वर आणखी तीस सेकंद, त्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. नंतर विचारलं, यातलं कोणतं पुन्हा कराल? बहुसंख्यांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आठवण बनते ती सर्वात तीव्र क्षणावर आणि शेवटावर. एकूण किती वेळ गेला याला तिथे फारशी किंमत नसते.

कानेमन एका श्रोत्याचा किस्सा सांगत. त्याने घरी एक सुंदर सिंफनी ऐकली, अगदी शेवटी रेकॉर्ड खरखरली आणि त्याच्या मते सगळ्या अनुभवाची माती झाली. कानेमन यांचं म्हणणं, अनुभवाची नाही, आठवणीची. वीस मिनिटं संगीत तर त्याने ऐकलंच होतं.

मुलांच्या हातात ही पुस्तकं देणाऱ्या पालकांना हा फरक उपयोगी पडू शकतो. शेवट वादग्रस्त आहे म्हणून मालिकाच टाळायचं कारण नाही. नार्निया सहाव्या पुस्तकापाशी थांबवता येतो, आणि मूल हट्टाने सातवं वाचणारच असेल (वाचेलच) तर एकट्याने वाचू देण्यापेक्षा आपणही वाचावं, निदान रेल्वे अपघाताचं पान. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'ते सगळे मेले आणि हे छान झालं' हे वाक्य बोलायला कोणीतरी हवं असतं. पुलमन यांचं तिसरं पुस्तक बाराच्या आधी देऊ नये असं माझं मत. अलेक्झांडर यांची पाचही पुस्तकं कोणत्याही वयाला चालतात, आपल्याकडे ती फारशी माहीत नाहीत एवढंच.

सुसानबद्दल लुईस यांना मुलांची पत्रं येत आणि ते उत्तरं देत. १९५७मध्ये एका लहान वाचकाला त्यांनी कळवलं की पुस्तकात सुसानचं पुढे काय झालं ते सांगितलेलंच नाही. ती जिवंत आहे, तिच्याकडे सुधारायला भरपूर वेळ आहे, कदाचित ती तिच्या वाटेने पोहोचेलही. तीन वर्षांनी आणखी एका मुलीने विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं की तिच्या प्रवासाची गोष्ट मोठ्यांच्या कादंबरीसारखी होईल, ती आपल्याला लिहिता येणार नाही. मग त्यांनी त्या मुलीलाच विचारलं, तूच का नाही लिहून बघत?